खडखड ऐकायला शिकवणारा डॉक्टर

रात्री साडेनऊच्या सुमारास घाटकोपरला लालबहादूर शास्त्री मार्गावर किंवा अंधेरीला एस. व्ही. रोडवर सिग्नलपाशी उभे राहिले, की एखादी गाडी दिसण्याआधी ऐकू येते. आधी छातीत धपधप जाणवते. गाडी जवळ आली, की त्या धपधपीवर चढलेले दुसरेच आवाज कानावर पडतात. नंबरप्लेट खडखडत असते, डिकीचे झाकण थरथरत असते, दरवाजाच्या आतले प्लॅस्टिक चरचरत असते. गाडीवाल्याने स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि डिकीतला वूफर यांवर चांगले पैसे घातलेले असतात, पण गाण्याबरोबर पत्राही वाजत असतो. यावर अनेक जण सोपा उपाय करतात. आवाज आणखी वाढवायचा, म्हणजे खडखड त्यात बुडते. कानाच्या दृष्टीने पाहिले तर यापेक्षा महाग उपाय नाही.

खडखड कुठून येते, ती कशी शोधायची आणि ती थांबवली तर कंपनाची ताकद जाते कुठे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे एकाच माणसाच्या कामात सापडतात. गाडीत लाउडस्पीकर बसण्याच्या कितीतरी आधी, 1894 साली तो वारला. भौतिकशास्त्राच्या पुस्तकांत त्याचे नाव येते, पण शिक्षणाने तो आमच्यासारखाच एम.डी. डॉक्टर होता आणि तोही सरकारी नोकरीतला. त्याचे नाव हर्मान हेल्महोल्ट्झ.

पैशाअभावी डॉक्टर

हेल्महोल्ट्झ यांचा जन्म 31 ऑगस्ट 1821 रोजी जर्मनीत बर्लिनजवळच्या पॉट्सडॅम गावी झाला. वडील शाळेत शिक्षक होते. घरात पुस्तके, संगीत आणि चर्चा भरपूर, पैसा मात्र बेताचा. मुलाची प्रकृती लहानपणी नाजूक होती. त्याला ओढ होती भौतिकशास्त्राची. पण त्या काळी भौतिकशास्त्र शिकून पोट भरण्याची खात्री नव्हती आणि विद्यापीठाची फी वडिलांना झेपणारी नव्हती. प्रशियाच्या सरकारची एक योजना होती. बर्लिनच्या लष्करी वैद्यकीय संस्थेत विद्यार्थ्याला वैद्यकीचे शिक्षण जवळजवळ फुकट मिळे, बदल्यात पुढे आठ वर्षे सैन्यात डॉक्टर म्हणून नोकरी करावी लागे. आपल्याकडच्या बाँडसारखाच हा करार. 1838 मध्ये सतरा वर्षांचा हर्मान त्यात दाखल झाला. जाताना त्याने आपला पियानोही बर्लिनला नेला. पुढच्या आयुष्यातले त्याचे बरेचसे काम या दोन गोष्टींच्या मधे उभे राहिले. एका बाजूला माणसाचे शरीर, दुसऱ्या बाजूला वाजणारी तार.

शिकत असताना त्याला टायफॉइड झाला आणि कित्येक आठवडे शारिटे रुग्णालयात काढावे लागले. विद्यार्थी म्हणून उपचार मोफत होते, त्यामुळे त्या काळातला भत्ता शिल्लक राहिला. त्या पैशांतून त्याने एक साधा सूक्ष्मदर्शक घेतला. त्यातून पाहून त्याने मज्जातंतू मज्जापेशींतूनच निघतात हे दाखवले आणि 1842 मध्ये या कामावर त्याला डॉक्टरेट मिळाली.

बराकीतली प्रयोगशाळा

1843 पासून हेल्महोल्ट्झ पॉट्सडॅमच्या पलटणीत डॉक्टर होते. शांततेच्या काळात सैनिकांचे आजार बेताचेच असत. फावल्या वेळात त्यांनी बराकीतच छोटी प्रयोगशाळा मांडली. बेडकाच्या पायाचा स्नायू आकुंचन पावतो तेव्हा उष्णता निर्माण होते का, हे ते मोजत होते. त्यामागे मोठा प्रश्न होता. जिवंत शरीर चालते ते एका खास जीवनशक्तीवर, असे त्या काळी अनेक विद्वान मानत. त्यात हेल्महोल्ट्झ यांचे स्वतःचे गुरू योहानेस म्युलर हेही होते. हेल्महोल्ट्झ यांना हे पटत नव्हते. शरीरातून जी ऊब आणि जे काम बाहेर येते, त्याचा हिशेब अन्नातून आलेल्या ऊर्जेशी जुळला पाहिजे, असा त्यांचा विचार होता.

23 जुलै 1847 रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी, त्यांनी बर्लिनच्या भौतिकशास्त्र मंडळापुढे हा विचार सर्व निसर्गाला लावून दाखवला. ऊर्जा नाहीशी होत नाही आणि शून्यातून निर्माणही होत नाही. ती फक्त रूप बदलते. जर्मनीतल्या प्रतिष्ठित नियतकालिकाच्या संपादकांनी हा निबंध नाकारला, म्हणून तो पुस्तिका म्हणून स्वतंत्रपणे छापावा लागला. हाच विचार रॉबर्ट मायर या दुसऱ्या जर्मन डॉक्टरने आणि इंग्लंडमध्ये जेम्स ज्यूल यांनीही स्वतंत्रपणे मांडला होता. आज शाळेतले मूलही ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम म्हणून तो शिकते.

गाडीतल्या खडखडीचा हिशेब इथूनच सुरू होतो. अ‍ॅम्प्लिफायरकडून स्पीकरला मिळालेल्या विजेतला शंभरातला जेमतेम एखादा भाग आवाज होतो, बाकीची वीज स्पीकरच्या कॉइलमध्ये उष्णता होऊन जाते. जो थोडा भाग कंपन म्हणून बाहेर पडतो, तो हवेत जातो, दरवाजाच्या पत्र्यात जातो, काचेत जातो आणि डिकीत जातो. पत्रा थरथरणे थांबवायचे असेल, तर ती ऊर्जा गायब करता येत नाही, तिला दुसरे रूप द्यावे लागते. पत्र्यावर चिकटवायची रबरासारखी जी जड शीट मिळते, ती हेच करते. पत्रा वाकला की शीट ताणली जाते, तिच्या आत घर्षण होते आणि कंपन किंचितशा उष्णतेत विरून जाते.

मज्जातंतूचा वेग आणि डोळ्याचा पडदा

त्या निबंधाने हेल्महोल्ट्झ यांचे नाव झाले. सैन्याने त्यांना मुदतीआधी मोकळे केले आणि 1849 मध्ये ते क्योनिग्सबर्गला शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ओल्गा फॉन वेल्टन यांच्याशी त्यांचे लग्न झाले. पुढच्या दोन वर्षांत त्यांनी केलेल्या दोन गोष्टी आम्ही डॉक्टर रोज वापरतो. मज्जातंतूतला संदेश इतका वेगवान असतो की त्याचा वेग मोजताच येणार नाही, असे समजले जात होते. त्यांनी बेडकाच्या मज्जातंतूत तो मोजला. तो सेकंदाला सुमारे 27 मीटर भरला, म्हणजे ध्वनीच्या वेगाच्या एक दशांशाहूनही कमी. आज मधुमेहाच्या रुग्णाच्या पायाच्या नसांची जी तपासणी होते, ती याच मोजणीची वारसदार आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे ऑफ्थॅल्मोस्कोप. डोळ्यात प्रकाश सोडून आतला पडदा पाहता येईल, हे वर्गातल्या विद्यार्थ्यांना समजावताना त्यांना सुचले. काचेच्या पट्ट्या आणि भिंग जुळवून त्यांनी काही दिवसांत उपकरण तयार केले. जिवंत माणसाचा दृष्टिपटल त्याआधी अशा रीतीने कोणी पाहिला नव्हता. मधुमेह आणि रक्तदाब यांचा डोळ्यावर झालेला परिणाम आम्ही आजही त्याच तत्त्वाच्या उपकरणातून पाहतो. 1851 मध्ये छापलेल्या या शोधाने त्यांना युरोपभर प्रसिद्धी मिळाली.

कानाला लावलेले गोळे

त्यानंतर त्यांनी मोर्चा कानाकडे वळवला. 1855 मध्ये ते बॉनला गेले, 1858 मध्ये हायडेलबर्गला. हा काळ घरात कठीण होता. पत्नी ओल्गा आजारी होती आणि डिसेंबर 1859 मध्ये ती वारली. मागे दोन लहान मुले होती. वडीलही त्याच वर्षी गेले. स्वतः हेल्महोल्ट्झ यांना तीव्र डोकेदुखीचे झटके येत आणि दिवस वाया जात. 1861 मध्ये त्यांनी ॲना फॉन मोल यांच्याशी दुसरे लग्न केले. या सगळ्यात आठेक वर्षे ते एका प्रश्नामागे होते. पियानो आणि व्हायोलिन यांवर एकच स्वर वाजवला, तरी दोन्ही आवाज वेगळे का वाटतात?

मूळ स्वराबरोबर प्रत्येक वाद्य त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे उपस्वरही देते आणि त्यांच्या कमीजास्त मिश्रणातून वाद्याचा पोत ठरतो, असे त्यांचे उत्तर होते. पण एका आवाजात मिसळलेले उपस्वर सुटे ऐकायचे कसे? त्यासाठी त्यांनी काचेचे आणि पितळेचे पोकळ गोळे करून घेतले. गोळ्याला एका बाजूला आखूड गळा आणि समोर छोटे टोक असे. टोक मेण लावून एका कानात बसवायचे, दुसरा कान बंद करायचा. बाहेर कितीही गोंगाट असला, तरी त्या गोळ्याचा ठरलेला स्वर आला की तेवढाच कानात घुमतो, बाकीचे आवाज दबतात. गोळा मोठा असेल तर स्वर खालचा, लहान असेल तर वरचा. असा संच हाताशी असला, की आवाजातला एकेक घटक वेचून काढता येत असे.

रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारून आपण सगळ्यांनी हे अनुभवले आहे. गळ्यातली हवा गोट्यासारखी आतबाहेर होते आणि पोटातली हवा स्प्रिंगसारखी काम करते. प्रत्येक वस्तूचा असा एक किंवा अनेक आवडता स्वर असतो. तो बाहेरून आला की वस्तू स्वतःही डोलू लागते. यालाच अनुनाद म्हणतात. पियानोच्या तारा मोकळ्या करून त्यात मोठ्याने स्वर लावला, की नेमक्या त्याच सुराच्या तारा उत्तर देतात, बाकीच्या गप्प राहतात. हे सारे त्यांनी 1863 मध्ये ध्वनिसंवेदनांवरील ग्रंथात मांडले.

गाडीच्या डिकीतला वूफरचा खोका, ज्याच्या एका बाजूला गोल नळी असते, तो म्हणजे हेल्महोल्ट्झ यांचा गोळाच. त्या नळीतली हवा ठरावीक खालच्या स्वराला डोलते आणि बासला जोर देते. हायवेवर मागची एकच काच अर्धी उघडली की कानावर जी घुब-घुब दाबल्यासारखी येते, तोही हाच प्रकार. पूर्ण गाडी हा गोळा आणि उघडी काच हा गळा. दुसऱ्या बाजूची काच दोन बोटे खाली केली की ती घुबघुब थांबते.

जवारी, शाई आणि नंबरप्लेट

या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर 1875 मध्ये अलेक्झांडर एलिस यांनी केले आणि ते आपल्याकडेही वाचले गेले. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी आपल्यावर प्रभाव टाकणाऱ्या मोजक्या पुस्तकांत त्याचा समावेश केला आहे. प्रकाशाकडे वळण्याआधी रामन यांनी बरीच वर्षे वाद्यांच्या कंपनांवर काम केले. कंपने मोजून स्वरांचा विचार करण्याची ही दृष्टी महाराष्ट्रातही रुजत होती. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपले पुस्तक 1910 मध्ये प्रसिद्ध केले.

रामन यांची दोन निरीक्षणे गाडीतल्या खडखडीवर थेट प्रकाश टाकतात. पहिले तबल्याचे. नुसते चामडे ठोकले तर बेसूर ठप्प असा आवाज येतो. मधे शाईचे वजन दिले की चामड्याच्या कंपनांचे स्वर बदलतात आणि सुरेल जुळतात, हे त्यांनी सहकाऱ्याबरोबर 1920 मध्ये दाखवले. म्हणजे पातळ पडद्यावर योग्य ठिकाणी वजन दिले की त्याचा स्वर बदलतो. दरवाजाच्या पत्र्याच्या मध्यावर जड शीट चिकटवली की तेच होते. पत्र्याचा स्वतःचा स्वर खाली सरकतो आणि शीट त्याचे डोलणे शोषूनही घेते.

दुसरे निरीक्षण तंबोऱ्याच्या जवारीचे. तार घोडीच्या किंचित उताराला हलकेच लागते, सुटते, पुन्हा लागते. या लागण्या-सुटण्यातून वरचे उपस्वर झरझर बाहेर पडतात आणि तंबोरा भरून बोलतो. मिरजेचा कारागीर ही जवारी फार कौशल्याने काढतो. सैल नंबरप्लेट नेमके हेच करते, पण कारागिराविना. खालचा 50 हर्ट्झचा बास प्लेटला हलवतो, प्लेट बंपरला लागते आणि सुटते, आणि त्यातून बासच्या कितीतरी वरचे कर्कश स्वर निघतात. म्हणून खडखड नेहमी बासपेक्षा उंच आवाजाची असते, आणि म्हणूनच ती ऐकून दोष स्पीकरचा आहे असा गैरसमज होतो.

गाडीतली खडखड कशी शोधाल?

हेल्महोल्ट्झ यांची पद्धत घरच्या घरी वापरता येते. एकेक स्वर सुटा करून ऐकायचा. मोबाइलवर 20 ते 200 हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा शुद्ध स्वर मिळतो. गाडी शांत जागी उभी करून, आवाज मध्यम ठेवून तो वाजवा. एखाद्या स्वराला खडखड सुरू झाली की तिथेच स्वर थांबवा आणि दुसऱ्या माणसाला एकेक भाग तळव्याने दाबायला सांगा. ज्या भागावर हात ठेवल्यावर आवाज बंद होतो, तो गुन्हेगार.

आधी फुकटातले उपाय करा. डिकीतला जॅक आणि पाना, कप्प्यातली नाणी, दरवाजाच्या खणातली बाटली, मागच्या काचेखालचा ट्रे, सनग्लासचा डबा, हे सगळे काढून पुन्हा ऐका. बऱ्याचदा अर्धी खडखड इथेच संपते. त्यानंतर स्क्रू आणि क्लिपा. दरवाजाच्या आतल्या पॅनलची एखादी क्लिप तुटलेली असते, ती काही रुपयांत बदलता येते. आत लोंबणाऱ्या वायरी आणि सळ्यांवर कापडी टेप गुंडाळावी. नंबरप्लेट आणि बंपर यांच्यामधे फोमची पट्टी सरकवावी. हल्लीच्या उच्च सुरक्षा नंबरप्लेटचे कुलूप मात्र उचकटू नये, कडेने पट्टी घालणे पुरते.

मग स्पीकर. तो पातळ प्लॅस्टिकवर बसवलेला असेल, तर मधे भक्कम रिंग हवी. मुंबईच्या पावसात एमडीएफ फुगते, म्हणून प्लॅस्टिकची किंवा पाण्याला टिकणाऱ्या प्लायची रिंग घ्यावी. दरवाजातल्या लहान स्पीकरला अगदी खालचे स्वर झेपत नाहीत. अ‍ॅम्प्लिफायरमधल्या फिल्टरने साधारण 80 हर्ट्झच्या खालचे स्वर त्यांच्याकडे जाण्यापासून थांबवावेत आणि ते काम वूफरला द्यावे. वूफरचा खोका डिकीत पट्ट्याने घट्ट बांधलेला असावा. अचानक ब्रेक लागला तर तो जड खोका पुढे येतो, हा अपघात विभागातला मुद्दा आहे.

शेवटी पत्रा. अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेली ब्युटाइल शीट वापरावी. स्वस्त डांबरी शीट आपल्याकडच्या उन्हात मऊ पडते आणि वास येतो. पत्रा पुसून कोरडा करावा आणि शीट रोलरने घट्ट दाबावी. पूर्ण पत्रा झाकायची गरज नसते, मधला मोकळा भाग महत्त्वाचा, तबल्याच्या शाईसारखा. दरवाजाच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी छोटी भोके असतात, ती कधीही बुजवू नयेत. नाहीतर जुलैतले पाणी आत साचेल आणि दरवाजा गंजेल. एअरबॅगच्या वायरींना आणि सेन्सरला हात लावू नये, ते काम जाणकाराकडेच द्यावे.

हे सगळे केल्यावर तेच गाणे कमी आवाजातही भरलेले वाटते. डॉक्टर म्हणून माझा रस इथे आहे. खडखड गेली की आवाज वाढवायचे एक मोठे कारणही जाते.

कानात पियानो आहे का?

कान आवाज कसा ओळखतो, याचे हेल्महोल्ट्झ यांनी दिलेले उत्तर मोहक होते. आतल्या कानात, शंखासारख्या वळणाच्या नळीत, पियानोच्या तारांसारखे निरनिराळ्या स्वरांना डोलणारे भाग आहेत, असे त्यांनी मांडले. स्वर आला की त्याचा भाग डोलतो आणि त्याच्याशी जोडलेला मज्जातंतू मेंदूला कळवतो. हे चित्र तंतोतंत खरे नव्हते. गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवले की आतल्या पडद्यावरून एक लाट धावते आणि प्रत्येक स्वराला ती वेगळ्या जागी सर्वांत उंच होते. उंच स्वर शंखाच्या तोंडाशी, खालचे स्वर टोकाशी. यासाठी बेकेशी यांना 1961 चे नोबेल मिळाले. पण प्रत्येक स्वराला कानात स्वतःची जागा आहे, हा हेल्महोल्ट्झ यांचा गाभ्याचा विचार टिकला.

त्या जागांवर पहारा देतात केसपेशी. प्रत्येक कानात त्या सुमारे 15 हजार असतात. त्यांच्या टोकावरचे सूक्ष्म केस लाटेबरोबर वाकतात आणि त्यातून संदेश तयार होतो. आवाज फार मोठा आणि फार वेळ असेल, तर हे केस मोडतात आणि पेशी मरतात. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. दरवाजाची क्लिप बदलता येते, ही बदलता येत नाही.

बासच्या बाबतीत एक फसवणूक होते. खालच्या स्वरांना आपला कान कमी संवेदनशील आहे. त्यामुळे बास पुरेसा वाटेपर्यंत आवाज वाढवला जातो आणि त्याबरोबर गाण्यातले मधले, उंच स्वरही वाढतात. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटीमीटर लांब आणि एका टोकाला बंद असते, म्हणून ती स्वतःही एक अनुनादक आहे. साधारण 3,000 हर्ट्झच्या आसपासचे आवाज ती आणखी वाढवून आत पाठवते. गोंगाटाने होणारे बहिरेपण श्रवणचाचणीत बहुधा आधी 4,000 हर्ट्झपाशी खड्डा म्हणून दिसते, त्यामागचे हे एक कारण. सुरुवातीला माणसाला काहीच कळत नाही. नंतर गर्दीत समोरच्याचे बोलणे नीट लागत नाही, कारण शब्दांतली बरीच व्यंजने त्याच वरच्या पट्ट्यात असतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानुसार प्रौढांनी 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तासांपर्यंत ऐकला तर चालतो. 90 डेसिबलला ही मुदत 4 तासांवर येते आणि 100 डेसिबलला सुमारे 20 मिनिटांवर. दर 3 डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दुप्पट होते, म्हणून मुदत अशी झपाट्याने घटते. बोरिवली ते अंधेरी हा रोजचा रखडणारा प्रवास मोठ्या आवाजात केला, तर आठवड्याचा वाटा पहिल्याच दिवशी संपू शकतो.

क्वचित फुप्फुसालाही धक्का बसतो. 2004 मध्ये 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात मोठ्या संगीताच्या जवळ असताना फुप्फुस फुटून हवा छातीत साठल्याच्या काही घटना नोंदवल्या गेल्या. त्यातला एक रुग्ण स्वतःच्या गाडीत होता आणि गाडीत 1,000 वॉटचा वूफर होता. असे फार विरळा घडते. पण वूफर जोरात चालू असताना छातीत एकाएकी कळ येऊन दम लागला, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये.

गाणे बंद केल्यावर कानात शिटी वाजत असेल किंवा कान बसल्यासारखे वाटत असेल, तर कानाने त्या दिवशी मर्यादा ओलांडली आहे. पुढचा दिवस कानाला शांतता द्यावी. तक्रार 24 तासांनंतरही राहिली तर श्रवणचाचणी करून घ्यावी. ती मोठ्या सरकारी आणि महापालिका रुग्णालयांत होते. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले तर मात्र थांबू नये. त्यावरचा उपचार पहिल्या काही दिवसांतच उपयोगी पडतो.

शेवटची वर्षे

1871 मध्ये हेल्महोल्ट्झ बर्लिनला भौतिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. फीअभावी जे शिकता आले नव्हते, त्याच विषयाचे ते देशातले पहिल्या फळीतले अध्यापक ठरले. त्यांनी विजेवर चालणाऱ्या ध्वनिकाट्यांनी कृत्रिम स्वर काढले होते. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना जर्मन नीट येत नसल्याने तारेतून आवाज पाठवण्यात हेल्महोल्ट्झ यशस्वी झाले आहेत, असा त्यांचा समज झाला. त्या चुकीच्या समजुतीने ते टेलिफोनच्या वाटेला लागले. स्पीकरच्या घराण्याचा एक धागा असा हेल्महोल्ट्झ यांच्या टेबलापर्यंत जातो. 1888 मध्ये ते बर्लिनजवळच्या राष्ट्रीय मापन संस्थेचे पहिले अध्यक्ष झाले.

त्यांचा आवडता शिष्य हाइनरिश हर्ट्झ. रेडिओ लहरी प्रयोगाने दाखवणारा तोच, आणि आपण कंपने मोजतो ते एककही त्याच्याच नावाचे. 1 जानेवारी 1894 रोजी तो छत्तिसाव्या वर्षी वारला. हेल्महोल्ट्झ यांचा मुलगा रॉबर्ट, तोही भौतिकशास्त्रज्ञ, त्याआधीच 1889 मध्ये गेला होता. 1893 मध्ये शिकागोहून परतताना जहाजाच्या जिन्यावरून पडून हेल्महोल्ट्झ यांच्या डोक्याला मार लागला होता. त्यातून ते पूर्वीसारखे सावरले नाहीत. तरीही शिष्याच्या अपुऱ्या राहिलेल्या पुस्तकाला त्यांनी प्रस्तावना लिहिली. जुलै 1894 मध्ये त्यांना पक्षाघात झाला आणि 8 सप्टेंबर रोजी, 73 व्या वर्षी, ते वारले.

त्यांच्या कामातून गाडीवाल्याने घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. गोंगाटावर आवाज वाढवून मात करायची नसते. त्यातला एकेक स्वर सुटा करून ऐकायचा, तो कुठून येतो ते हात ठेवून शोधायचे आणि तिथेच त्याला शांत करायचे. येत्या रविवारी तासभर काढून गाडीत हे करून पाहा. नंतर आवाजाची कळ दोन घरे खाली आणा आणि तेच गाणे पुन्हा ऐका.